प्राध्यापकांना अध्यापनात मदत कशी करावी : सीमाभागातील महाविद्यालयांसाठी

महाविद्यालयातील अध्यापन सुधारायचे ठरले की आपल्याकडे पहिली धाव कार्यशाळेकडे असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही गावचे महाविद्यालय घ्या. बाहेरून एखादे तज्ज्ञ बोलावले जातात, दीपप्रज्वलन होते, दोन सत्रे पार पडतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि छायाचित्रांसह अहवाल नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, फाइलमध्ये जाऊन बसतो. नवी कल्पना कानावर पडण्यापुरता अशा कार्यक्रमांचा उपयोग होतो, हे मान्य करायला हवे. परंतु सोमवारी सकाळी अकराच्या तासाला बी. कॉम.च्या भरगच्च वर्गासमोर उभे राहणाऱ्या प्राध्यापकांना त्यातले नेमके काय कामी येते, हे सहसा कोणी विचारत नाही. शिकवणे बदलते ते त्या तासाला, त्या विषयात आणि त्या मुलांसमोर. म्हणून मदतही तिथपर्यंत पोहोचावी लागते. आयक्यूएसीचे (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक, विभागप्रमुख किंवा सहकाऱ्यांना अध्यापनात मदत करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली आहे असे ज्येष्ठ प्राध्यापक यांच्यासाठी हे लिहिले आहे.

मदत आणि मूल्यमापन यांची दप्तरे वेगळी ठेवा

सर्वांत आधी करायची गोष्ट वर्गात नाही, प्राचार्यांच्या खोलीत करायची आहे. मदत करणारी व्यक्ती कोणाच्याही पदोन्नतीसाठी, नेमणुकीसाठी किंवा मुदतवाढीसाठी एक ओळही लिहिणार नाही, आणि वर्गात पाहिलेले प्राचार्यांना सांगणार नाही, हे प्राचार्यांकडून आधी कबूल करून घ्यावे आणि शिक्षकांच्या बैठकीत त्यांच्याच तोंडून जाहीर करवून घ्यावे. हा करार नसेल तर पुढचे काहीही सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते त्या अतिथी व्याख्यात्यांच्या वर्गात कोणी वही घेऊन मागच्या बाकावर बसले, तर ते त्याला तपासणीच समजणार, आणि त्या दिवशी ठेवणीतला पाठ दाखवला जाणार. ठेवणीतला पाठ पाहून कोणाला काय मदत करणार?

आपल्या व्यवस्थेत या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्याला कारणे आहेत. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उभी केली. त्यांचीच पुढे मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३पासून ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. तिथले उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग पदोन्नतीच्या नियमांना जोडलेले असल्याने प्राध्यापकांच्या मनात ‘प्रशिक्षण’ म्हटले की आधी प्रमाणपत्र उभे राहते. याउलट अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९६२ साली सुरू झालेल्या अध्यापन केंद्रासारख्या संस्थांचे काम प्राध्यापकांच्या स्वेच्छेवर आणि गोपनीयतेवर उभे राहिले. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात असे केंद्र उभारायला पैसा नाही आणि त्याची गरजही नाही. गोपनीयतेचा नियम मात्र बिनपैशाचा आहे.

विभागप्रमुखच मदतनीस असतील तर अडचण येते, कारण वर्षअखेरचा अभिप्राय त्यांनाच द्यायचा असतो. अशा वेळी विभागांची अदलाबदल करावी : वाणिज्य विभागातील ज्येष्ठांनी इतिहासाच्या वर्गात बसावे, इतिहासाच्या प्राध्यापकांनी वाणिज्याच्या. विषय परका असल्याचा इथे फायदाच होतो, कारण निरीक्षकाचे लक्ष मजकुराच्या अचूकतेवरून मुलांकडे वळते. आयक्यूएसीला अहवाल हवाच असतो; तो ‘या सत्रात इतक्या प्राध्यापकांनी भाग घेतला’ एवढ्याच एका वाक्याचा द्यावा आणि त्यात नावे नसावीत.

सुरुवात ज्येष्ठांपासून

‘नवीन आलेल्यांना जरा शिकवा’ ही सूचना हमखास येते. ती नम्रपणे बाजूला ठेवावी. पहिल्या सत्रात ज्यांच्या शिकवण्याबद्दल मुले चांगले बोलतात अशा दोन-तीन ज्येष्ठांना त्यांचा वर्ग उघडण्याची विनंती करावी, म्हणजे ही मदत कच्च्या शिक्षकांसाठीचा उपचार आहे असा समज होत नाही. ‘मॅडम, तुमच्या तासाला मी येऊन बसू का? मला मुलांकडे बघायचं आहे,’ असे विचारल्यावर नाही म्हणणारे थोडेच भेटतात. त्यानंतर जे स्वतःहून येतील त्यांच्याबरोबर काम करावे. सक्तीने कोणालाही आणू नये. प्राचार्यांनी नाव सुचवले तर ‘ते स्वतः आले तर आनंदच आहे’ एवढेच उत्तर पुरे.

तासाआधीची बैठक

तासाच्या एक-दोन दिवस आधी पंधरा मिनिटे बसावे. या बैठकीत विचारायच्या गोष्टी तीनच : हा वर्ग कोणाचा आहे, या तासाच्या शेवटी मुलांना काय करता यावे असे तुम्हाला वाटते, आणि मी कशाकडे लक्ष ठेवू. दुसऱ्या प्रश्नाचे पहिले उत्तर बहुतेक वेळा ‘युनिट दोन संपवायचं आहे’ असे येते. ते खरेही असते; कर्नाटकात २०२१मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला, २०२४मध्ये राज्य पुन्हा तीन वर्षांच्या अभ्यासक्रमावर आले, आणि या उलथापालथीत तेच प्राध्यापक वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळे पाठ्यक्रम शिकवत राहिले. त्यामुळे ‘पोर्शन’ची धास्ती हसण्यावारी नेऊ नये. मात्र त्यातून एक पायरी पुढे यावे : युनिट दोनमधील कोणती एक गोष्ट मुलांना दरवर्षी जड जाते? अनुभवी प्राध्यापकांकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते, आणि पुढचे सगळे काम त्या एका गोष्टीभोवती होते.

तिसरा प्रश्न टाळू नये. काय पाहायचे ते शिक्षकांनी ठरवले की निरीक्षण त्यांचे होते. ‘मागची मुलं काय करतात ते बघा,’ ‘माझं बोलणं फार भराभर होतं का ते सांगा,’ अशा साध्या मागण्या येतात, आणि त्या पुरेशा असतात.

वर्गात बसून काय लिहावे

पुढे किंवा मध्ये बसू नये. मागच्या बाकावर एका कडेला बसावे, जिथून फळा आणि तीन-चार रांगांच्या वह्या दोन्ही दिसतील. पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे वेळ आणि घडलेली गोष्ट लिहावी. उजवा भाग रिकामा ठेवावा आणि नंतर शिक्षकांशी बोलताना त्यांनी जे सांगितले ते तिथे लिहावे. ‘उत्तम’, ‘प्रभावी’, ‘विस्कळीत’ हे शब्द पानावर येताच कामा नयेत. रेटिंगचे छापील तक्ते मिळतात, त्यांत ‘विषयज्ञान : ५ पैकी’ अशा ओळी असतात, ते वापरून शिक्षकांना गुण कळतात, पुढच्या तासाला काय करायचे ते कळत नाही.

घसारा म्हणजे वापरामुळे मालमत्तेच्या किमतीत दरवर्षी धरली जाणारी घट; त्यावरील एका तासाची टिपणे कशी दिसतील, याचा हा एक नमुना पाहा. ११.०५ : फळ्यावर उदाहरण, यंत्राची किंमत १,००,००० रुपये, दर १० टक्के, घटत्या शिल्लकेची पद्धत. ११.११ : पहिल्या वर्षाचा घसारा १०,००० लिहिला. ११.१२ : प्रश्न, ‘दुसऱ्या वर्षी किती?’ पहिल्या बाकावरून लगेच ‘९,०००’. ते फळ्यावर लिहिले. ११.१३ : माझ्या पुढच्या रांगेत चार वह्यांत आधी १०,००० होते, फळा बघून खोडले, ९,००० केले. ११.१४ : तिसऱ्या वर्षाचे ८,१०० शिक्षकांनीच सांगितले. ११.२० : ‘समजलं ना?’ ‘होय सर.’

या सहा ओळींत जवळपास सगळे आले आहे. प्रश्न विचारला आणि उत्तर आले, या दोहोंमध्ये एक सेकंदही गेला नाही. ज्या चार मुलांनी आकडा खोडला त्यांनी फळ्याची नक्कल केली. मूळ किमतीवर नव्हे तर उरलेल्या शिल्लकेवर दर लावायचा, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली की नाही हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. आणि ‘होय सर’ हे शब्द तर आपल्याकडे तास संपल्याची खूण म्हणूनच उच्चारले जातात.

तासानंतरचे बोलणे

ही बैठक त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हावी, आणि स्टाफरूममध्ये होऊ नये. ग्रंथालयाचा कोपरा चालेल, रिकामी प्रयोगशाळा चालेल. पहिले वाक्य मदतनिसाचे नसावे. ‘सर, तुम्हाला तास कसा वाटला?’ एवढे विचारून थांबावे. मग टिपणातली एखादी घटना, त्यावर मत न देता, समोर ठेवावी.

‘सर, दुसऱ्या वर्षाचा घसारा विचारलात तेव्हा किती जणांना जमलं असं वाटलं तुम्हाला?’

‘सगळ्यांना की. लगेच उत्तर आलं.’

‘माझ्या पुढच्या चार वह्यांत दहा हजार होते. फळ्यावर नऊ हजार आल्यावर खोडले.’

‘म्हणजे आकडा घेतला, कारण नाही घेतलं.’

शेवटचे वाक्य शिक्षकांचे आहे, हे महत्त्वाचे. तेच मदतनिसाने म्हटले असते तर ते दोष काढणे झाले असते आणि पुढची दहा मिनिटे मुले कशी अभ्यास करत नाहीत या विषयावर गेली असती. एकदा निदान शिक्षकांच्या तोंडून आले की उपायाकडे वळावे आणि एकच उपाय ठरवावा. इथे तो उघड आहे. प्रश्न विचारल्यावर कोणालाही बोलू न देता सगळ्यांना वहीत उत्तर लिहायला लावायचे. मग ‘दहा हजार कोणाचे? नऊ हजार कोणाचे?’ असे हात वर करायला सांगायचे. हात दोन्हीकडे बऱ्यापैकी विभागले गेले तर उत्तर न सांगता ‘शेजाऱ्याला पटवून द्या’ म्हणून दोन मिनिटे द्यायची आणि पुन्हा हात मोजायचे. बहुतेकांचे आधीच बरोबर असेल तर पुढे जायचे, आणि अगदी थोड्यांचे बरोबर असेल तर चर्चेत वेळ न घालवता पुन्हा समजावायचे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास हीच रीत मोठ्या वर्गांत वापरायला घेतली आणि ती पुढे जगभर गेली. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत.

प्रश्नानंतर थांबण्याविषयी थोडे अधिक सांगणे गरजेचे आहे, कारण निरीक्षणात सर्वांत जास्त वेळा हीच गोष्ट नजरेस येते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांमधील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असे दिसले. तेच थांबणे तीन सेकंदांवर नेले तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण वर्गासमोर उभे राहिलेल्या माणसाला ते फार मोठे वाटतात. ज्यांना ते जमत नाही त्यांना प्रश्न विचारून फळ्याकडे वळायला आणि प्रश्नच फळ्यावर लिहून काढायला सांगावे. लिहिण्यात दहा सेकंद सहज जातात, आणि मुलांनाही प्रश्न डोळ्यांसमोर राहतो.

भाषेचा प्रश्न

बेळगाव सीमाभागातील वर्गात मदतनीस म्हणून बसणाऱ्याला जो प्रश्न पुण्यात किंवा बेंगळूरमध्ये या रूपात भेटणार नाही, तो हा. एकाच बाकावर खानापूर तालुक्यातून मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी, गोकाककडून कन्नड माध्यमातून आलेला मुलगा आणि शहरातील इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी बसलेला असतो. शिकवणाऱ्यांची मातृभाषा यांपैकी कोणतीही असू शकते. पुस्तक आणि प्रश्नपत्रिका विज्ञान-वाणिज्यात इंग्रजीत असतात. निपाणीला तर गावाला लागूनच, अर्जुननगरला, कोल्हापूर जिल्ह्याची हद्द लागते आणि तिथले देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे, तर गावातील महाविद्यालये राणी चन्नम्मा विद्यापीठाला. म्हणजे एकाच घरातील दोन भावंडांचे पाठ्यक्रम वेगळे असू शकतात. या सगळ्याला ‘मुलांचं इंग्रजी कच्चं आहे’ एवढ्या एका वाक्यात बसवणे सोपे असते, आणि म्हणूनच मदतनिसाने ते वाक्य मान्य करण्याची घाई करू नये.

निरीक्षणात कोणत्या गोष्टीसाठी कोणती भाषा वापरली गेली, एवढेच टिपावे. काही तासांनंतर बहुधा असे दिसते की व्याख्या आणि सूत्रे इंग्रजीत सांगितली जातात, तर उदाहरणे, विनोद आणि ‘हे लक्षात ठेवा, परीक्षेला येतं’ ही सूचना शिक्षकांच्या स्वतःच्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये. व्याख्या तर पुस्तकात असतेच. समजण्याचा खरा आधार उदाहरणात असतो, आणि तेच अर्ध्या वर्गाच्या हातून निसटते. शिक्षकांच्या हे लक्षात आलेले नसते, कारण आपण भाषा कधी बदलली हे बोलणाऱ्याला स्वतःला कळत नाही.

हा मुद्दा मांडताना सांभाळून बोलावे लागते. आपल्या भागात भाषेचा उल्लेख झाला की तो लगेच वर्गाबाहेरच्या वादाशी जोडला जातो, आणि ‘तुम्ही मराठीत शिकवता’ किंवा ‘तुम्ही कन्नडमध्ये शिकवता’ हे वाक्य कागदावर आले तर उद्या त्याची तक्रार होऊ शकते. म्हणून टिपणात भाषेचे नाव टाळून ‘उदाहरण – भाषा बदलली’ एवढेच लिहावे आणि बोलताना मुलांपासून सुरुवात करावी : ‘बँकेचं उदाहरण दिलंत तेव्हा खिडकीकडची रांग हसली, दाराकडची लिहीत राहिली.’

उपाय म्हणून शिक्षकांनी प्रत्येक वाक्य तीन भाषांत सांगावे, असे कधीही सुचवू नये. त्यात तास संपतो आणि कोणाचेच भले होत नाही. त्याऐवजी भाषांतराचे काम मुलांकडे द्यावे. अवघड कल्पना इंग्रजीत एकदा सांगून झाली की उदाहरण फळ्यावर चित्राने किंवा आकड्यांनी मांडावे, आणि मग ‘ज्यांची भाषा एक आहे त्यांनी दोघे-दोघे होऊन आपल्या भाषेत एकमेकांना समजावा, दोन मिनिटे’ असे सांगावे. त्यानंतर उत्तर मात्र एका इंग्रजी वाक्यात वहीत लिहून घ्यावे, कारण परीक्षेत तेच करायचे आहे आणि त्याचा सराव वर्गात झाला नाही तर तो गाईडमधील उत्तर पाठ करण्यावर सुटतो. पहिल्या एक-दोन वेळा गोंगाट होतो. ‘वर्ग हातातून गेला’ असे शिक्षकांना वाटते. मदतनीस मागे बसलेला असेल तर त्या गोंगाटात किती जण विषयावर बोलत होते हे त्याला नंतर सांगता येते, आणि ही साक्ष इतर कोणत्याही सल्ल्यापेक्षा उपयोगी पडते.

पारिभाषिक शब्दांबाबत एक छोटी सोय करता येते. प्रत्येक युनिटमधील दहा-बारा शब्द इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तीन रकान्यांत लिहिलेले एक पान मुलांकडूनच करवून घ्यावे आणि पुढच्या तुकडीला द्यावे. ‘घसारा’ म्हटल्यावर खानापूरच्या मुलीला जे क्षणात कळते ते इंग्रजी शब्दाने कळायला आठवडा लागतो. यात मराठीचा अभिमान नाही. कन्नड रकान्याचाही उपयोग तितकाच आहे.

मुलांचे म्हणणे सत्राच्या मध्येच घ्या

सत्र संपल्यावर भरून घेतलेला फीडबॅक फॉर्म त्या मुलांच्या काही कामाचा नसतो, कारण त्यांचा विषय संपलेला असतो. शिवाय अशा फॉर्मवरील गुण आणि मुलांचे प्रत्यक्ष शिकणे यांचा विशेष संबंध नाही, असा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक फेरविश्लेषणात निघाला आहे. तेव्हा नॅकसाठी तो जरूर भरावा, पण त्यावरून कोणाला चांगला किंवा वाईट शिक्षक ठरवू नये.

मदतीसाठी वेगळी रीत आहे, जी अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झाली. सत्राच्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात, शिक्षकांच्या संमतीने, तासाची शेवटची पंचवीस मिनिटे मदतनिसाने घ्यावीत. शिक्षकांनी वर्गाबाहेर जावे. मुलांचे पाच-सहा जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला तीन प्रश्न द्यावेत : या विषयात तुम्हाला शिकायला कशाची मदत होते, कशाची अडचण होते, आणि नेमका काय बदल करता येईल. गटात ज्यावर एकमत होईल तेवढेच लिहावे. मग मदतनिसाने गटांची उत्तरे सर्वांसमोर वाचून ‘हे किती जणांना पटते?’ असे हात मोजावेत. एखाद्याची वैयक्तिक चीड त्यात गळून पडते आणि बहुतेकांची अडचण वर येते.

आपल्याकडे हे करताना काही गोष्टी पाळाव्यात. दिवसाचा शेवटचा तास निवडू नये. जांबोटी किंवा नंदगडकडे जाणाऱ्या मुलांचे लक्ष बसच्या वेळेवर असते आणि ‘सगळं चांगलं आहे’ लिहून ती मोकळी होतात. पहिल्या सत्रात भर पावसात हा कार्यक्रम ठेवू नये, कारण कणकुंबीच्या बाजूची मुले त्या दिवसांत वर्गात नसतातच, आणि ज्यांना सर्वांत जास्त सांगायचे असते त्यांचेच राहून जाते. गटाला हव्या त्या भाषेत, मिसळून लिहिले तरी चालेल, असे मोकळेपणाने सांगावे. मदतनिसाला कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणारे सहकारी बरोबर घ्यावेत. मुलांच्या हस्ताक्षरातील कागद शिक्षकांना कधीही देऊ नयेत. अंतर्गत गुण त्याच शिक्षकांच्या हातात असतात, हे मुलांना पक्के ठाऊक असते.

शिक्षकांना सांगताना आधी मदत होणाऱ्या गोष्टी, मग अडचणी, हा क्रम ठेवावा, आणि अडचणी त्यांना ज्या बदलता येतील त्याच सांगाव्यात. पंखा बंद आहे ही तक्रार प्राचार्यांकडे जाऊ द्यावी. पुढच्याच तासाला शिक्षकांनी वर्गात दोन मिनिटे काढून ‘तुम्ही हे म्हणालात, यातले एवढे मी करणार आहे, हे मात्र करता येणार नाही, कारण असे आहे’ असे सांगावे. हे दोन मिनिटांचे उत्तर दिले गेले नाही तर पुन्हा मुलांना काही विचारण्यात अर्थ नाही.

वेळ कोठून आणायचा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकांना आठवड्याला सोळा तासांचे प्रत्यक्ष अध्यापन असते, आणि त्यावर परीक्षा, प्रवेश, निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे. त्यामुळे ‘आवड असेल तर करा’ म्हणून हे काम चालत नाही. प्राचार्यांनी द्यायची गोष्ट एकच आहे : मदतनिसाच्या वेळापत्रकातील आठवड्याचे दोन तास मोकळे ठेवणे. सन्मानचिन्ह नको, समिती तर मुळीच नको. एका सत्रात एका मदतनिसाने चार-पाच प्राध्यापकांपेक्षा जास्त जणांबरोबर काम करू नये; प्रत्येकाबरोबर दोन निरीक्षणे, एक मध्यसत्र चर्चा आणि त्यांच्या आधी-नंतरच्या बैठका धरल्या तर तेवढेच हाताशी येते.

अतिथी व्याख्यात्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्यांतील अनेक जण एका महाविद्यालयातील तास संपवून दुसरीकडे जातात, आणि तासाव्यतिरिक्तच्या बैठकीसाठी त्यांना थांबवणे म्हणजे त्यांच्या खिशाला हात घालणे आहे. त्यांच्यासाठी बैठका तासाला लागूनच, पंधरा मिनिटांच्या ठेवाव्यात, किंवा शक्य असेल तिथे त्या वेळेची नोंद कामाच्या तासांत करावी.

उपयोग होतो आहे का, हे कसे पाहावे

निकालाच्या टक्केवारीकडे पाहू नये. ती प्रश्नपत्रिकेवर, तपासणीवर आणि त्या वर्षीच्या तुकडीवर जास्त अवलंबून असते. त्याऐवजी तासाआधीच्या बैठकीत ठरवलेल्या त्या एका अवघड गोष्टीवर दोन-तीन ओळींचा प्रश्न काढावा आणि तो सत्राच्या सुरुवातीला व शेवटी मुलांकडून बिननावाने लिहून घ्यावा. उत्तरांचे तीन ढीग करावेत : कारण कळले आहे, फक्त आकडा आला आहे, काहीच नाही. हे ढीग शिक्षकांनी स्वतः करावेत, मदतनिसाने शेजारी बसावे. मधला ढीग किती मोठा आहे हे पाहिल्यावर पुढच्या सत्रात काय करायचे याची चर्चा आपोआप सुरू होते.

सत्र संपले की निरीक्षणाची मूळ पाने शिक्षकांच्या हाती द्यावीत आणि त्यांची प्रत ठेवू नये. विभागाच्या कपाटात राहावे ते शिक्षकांच्या परवानगीने आणि त्यांच्या नावानिशी : वर्गात मते विभागणारे प्रश्न, तीन रकान्यांची शब्दांची पाने, मुलांना चटकन कळलेली उदाहरणे. अतिथी व्याख्याते पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयात गेले तरी ही सामग्री राहते, आणि जूनमध्ये त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या व्याख्यात्यांना पहिल्या आठवड्यातच ते कपाट उघडून दाखवता येते.